माणशी एक ओळ

माझ्या आजोबांना घरात सगळे बाप्पा म्हणायचे आणि गावात चळलेला म्हातारा म्हणायचे. दोन्ही खरं होतं. आठ महिने त्यांच्या काखेत मिटलेली छत्री असायची आणि पाऊस सुरू झाला की ती घरात खुंटीला टांगून ते बाहेर पडायचे. भिजली की खराब होते म्हणे! निजामाच्या राज्यात दुसरीपर्यंत उर्दू शाळेत बसले होते. तेवढ्या शिदोरीवर हा माणूस जन्मभर दोघांशी उर्दूत बोलला, एक तालुक्याचा साहेब आणि दुसरा कावळा. साहेब लोक नुसते बघत राहायचे. कावळे मात्र यायचे.

पण पंचक्रोशीत बाप्पांचं नाव होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आमचं अख्खं घराणं त्यांना तोंडपाठ होतं आणि दर आखितीला ते म्हणून दाखवायचे.

आखिती म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं हा पितरांचा दिवस. गेलेल्यांची नावं घ्यायची, मातीचा करा पाण्यानं भरायचा, त्यावर आंबा ठेवायचा आणि पुरणपोळीचा घास कावळ्याला काढायचा. बाकीच्या घरांत तीन पिढ्यांची नावं झाली की लोक जेवायला बसतात. आमच्याकडं नऊ पिढ्या. त्याही नुसत्या पुरुषांच्या नाहीत. सुना, लेकी, पाळण्यातच गेलेली लेकरं, सगळी. ताटं वाढायला दीड वाजायचा आणि आम्हा पोरांच्या पोटात कावळे ओरडायचे.

करा आणायला बाप्पा कुंभार पिंपळगावच्या बाजारात जायचे. शहागड आमच्या गावाच्या उशाला, तिथंही करे मिळतात. पण त्यांना पिंपळगावचाच लागायचा. तिथं ते कुंभारापुढं उकिडवे बसून एकेका कऱ्यावर बोटाचं पेर वाजवत, कान लावून ऐकत, आणि अर्ध्या तासानं एक पसंत करत. तोवर कुंभाराचं बाकीचं गिऱ्हाईक त्यांच्याभोवती उभं राहून मजा बघायचं. मी एकदोनदा सोबत होते. लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. आता त्या बाजारातून गेले की माझंच बोट आपोआप मडक्याकडं जातं.

नावं घेण्याची त्यांची रीत अशी, की प्रत्येक माणसाला एकच ओळ. ते तिला वळ म्हणायचे. "माणसामागं एकच गोष्ट ऱ्हाती. बाकीचं समदं माती खाती," असं त्यांचं ठाम मत. मग डोळे मिटून सुरू व्हायचे, "केरबा. गोदेच्या पुरात घर चाललं तवा आधी जातं काढलं. केरबाची सखू. साप निघाला, झाडूनं बाहेर घातला, मारू दिला न्हाई. सखूचा मानकोजी. मीठ कमी पडलं तरी कधी बोलला न्हाई. मानकोजीची भैण तुळसा. तीन वर्साची होऊन गेली. चिमणीला ये ये म्हणायची. मानकोजीचा धोंडिबा. निजामाच्या गिरदावरापुढं शिंकला अन माफी मागितली न्हाई."

गिरदावर म्हणजे महसुलाचा साहेब, एवढं तरी आम्हाला माहीत होतं. पण केरबानं आधी जातंच का काढलं, धोंडिबाचं पुढं काय झालं, असं विचारलं तर बाप्पा म्हणायचे, त्याच्याफुडं मलाबी ठाव न्हाई. एकदा भावकीतला एक शिकलेला माणूस म्हणाला, बाप्पा, आपले पूर्वज लढायांत असतील, कुणाच्या तरी सैन्यात असतील, ते घाला की यात. बाप्पा म्हणाले, असतीन. मला जातं ठाव हाय.

इथवर ठीक होतं. पंचाईत पुढं होती. बाप्पा मेलेल्यांवर थांबायचे नाहीत. मेल्यावर नाव घेऊन काय फायदा, त्याला कुठं ऐकू येतंय, जिवंतपणी ऐकू द्या की, असं म्हणून ते आम्हा जित्याजागत्या माणसांच्याही ओळी म्हणायचे. सगळ्या भावकीसमोर. आणि एकदा ठरलेली ओळ बदलत नसत.

आखिती जवळ आली की आमचं घर कसं सुतासारखं सरळ व्हायचं! जावा भांडायच्या थांबायच्या. माझे चुलते, नाना, दोनदा गावचे सरपंच झाले. गावात पाण्याची टाकी आणली, शाळेला भिंत बांधली. त्यांची ओळ काय? "विठ्ठल. परीक्षेला बसलाच न्हाई अन पास झालो म्हणून पेढे वाटले." पांढऱ्याशुभ्र कपड्यातले नाना दर वर्षी मान खाली घालून हे ऐकायचे. एका वर्षी त्यांनी आदल्या दिवशी बाप्पांना भारीतला पटका आणून दिला. बाप्पांनी तो आनंदानं बांधला आणि दुसऱ्या दिवशी तोच पटका डोक्यावर मिरवत पेढ्यांची ओळ म्हणाले, जरा मोठ्यानंच.

माझ्या आईचं नशीब चांगलं. घरात एक खोडील म्हैस होती, परक्याला आचळाला हात लावू द्यायची नाही. नवी नवरी म्हणून आलेल्या आईला तिनं पहिल्याच दिवशी धार काढू दिली. तीच आईची ओळ झाली. आई ती ऐकताना पदर सावरून अशी ताठ बसायची, की सासरच्या सगळ्या जाचाची भरपाई त्या एका दिवशी व्हायची.

माझी ओळ नव्हती. माझ्या नावापाशी आले की बाप्पा म्हणायचे, "हिचं अजून ठरायचंय." मला स्कॉलरशिप मिळाली तरी ठरायचंच होतं. डी.एड. झाले, भोकरदनकडं शाळेवर लागले, लग्न झालं, दोन लेकरं झाली, तरी तेच. मी चिडले की म्हणायचे, ठरंन माय, जल्दी काय हाय?

आणि माझ्या वडिलांची ओळ. आम्ही त्यांना दादा म्हणतो. बाप्पा म्हणायचे, "माझा दत्ता. दुष्काळात विहिरीवरून एका बाईला तहानलेलं माघारी लावलं."

लहानपणी मला त्यातलं काही कळायचं नाही. एवढं दिसायचं, की नाव जवळ येऊ लागलं की दादा हातातलं काम ठेवून देतात आणि ओळ संपली की पायाच्या अंगठ्याकडं बघत बसतात. त्या दिवशी त्यांना आमरस गोड लागत नसे. थोडी मोठी झाल्यावर आईनं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीच्या तळाला घागरभर पाणी उरलं होतं आणि पंधरा वर्षांच्या दादांना राखणीला बसवलं होतं. खडी फोडायच्या कामाला चाललेली एक बाई पाणी मागायला आली. दादांनी तिला हाकललं. कोण होती, कुठून आली, पुढं काय झालं, कुणालाच माहीत नाही. संध्याकाळी जेवताना दादांनी स्वतःच हे सांगितलं. राखण चांगली केली म्हणून शाबासकी मिळेल असं त्यांना वाटलं होतं. बाप्पांनी हातातली भाकरी खाली ठेवली आणि उठून गेले. पुढच्या आखितीला ती ओळ आली, ती कायमची.

दादा एसटीत कंडक्टर झाले. तिकिटाच्या पेटीइतकाच त्यांना पाण्याचा कॅन महत्त्वाचा. सीटखाली कॅन, कॅनच्या तोंडाला दोरीनं बांधलेला पितळी पेला. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, गाडीत चढलं की यांचा पहिला प्रश्न, पाणी पायजे का? तिकीट मागाहून. ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे, पण त्या मार्गावर लोक त्यांच्या गाडीची वाट बघत थांबायचे. रिटायर झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात त्यांनी हायवेवर, आमच्या गावाच्या फाट्याला, लिंबाखाली तीन रांजण मांडले. शहागडकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांना आता तो थांबा माहीत झालाय. रोज पहाटे सायकलवर कॅन लादून दादा रांजण भरतात, दर आठवड्याला घासतात. माझ्या नवऱ्यानं एकदा बाटल्यांचा फ्रीज ठेवायचं सुचवलं. दादा त्याच्याकडं असे बघत राहिले, की त्यानं विषयच बदलला.

हे सगळं ते कशासाठी करत होते ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. बाप्पांनाही कळत होतं. पण आखिती आली की तीच ओळ, त्याच आवाजात.

आता जरा माझं सांगते, कारण मी यात कशी अडकले ते सांगायलाच हवं. हे सगळं घराणं बाप्पांनी मला पाठ करायला लावलं होतं. घरातली पोरं चड्डीत वारा भरल्यासारखी पळायची; एका जागी बसणारी मी एकटी. मिरच्या तोडताना, शेंगा फोडताना एकेक पिढी. आठवीत मी सगळं वहीत उतरवलं आणि मोठ्या ऐटीनं त्यांना दाखवलं. त्यांनी वही घेतली आणि म्हशीच्या गोठ्यात, आढ्याला खोचून टाकली. म्हणाले, लिहिलं की माणूस विसरायला मोकळा होतो. तोंडात ठेव. पुढं मोबाइल आला तेव्हा तर कहर. पहाटे साडेपाचला फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही. एकदम, "मानकोजी?" मी अर्धवट झोपेत म्हणायचं, "मीठ." "तुळसा?" "चिमणी." "बराबर." फोन बंद! माझी सासू सुरुवातीला घाबरायची, की सुनेला पहाटे कोण आणि कसले सांकेतिक फोन करतंय. आज साडेपाचला जाग येते आणि फोन गप असतो. फार ओकंबोकं वाटतं, खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांमागची आखिती. बाप्पा नव्वदीच्या पुढं, आवाज बारीक झालेला, पण पाठांतर बिलकुल पक्कं. दादांची ओळ म्हणून झाली. बाप्पा आईच्या नावाकडं वळणार तेवढ्यात दादा बोलले. आयुष्यात पहिल्यांदा ते मध्ये बोलले.

"बाप्पा, आवंदा तरी काई दुसरं म्हणा."

बाप्पांचे डोळे मिटलेलेच होते. ते थोडा वेळ थांबले, आणि दादांना वाटलं असेल की आता काहीतरी येणार, कारण ते पुढं सरकून बसले. बाप्पांनी आईचं नाव घेतलं आणि म्हशीची ओळ म्हणाले. दादा उठले, चपला घातल्या आणि न जेवता फाट्यावर रांजणापाशी जाऊन बसले. पासष्टीचा माणूस! मला म्हाताऱ्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. पुढचे पाचसहा महिने मी पहाटेचा फोन उचलला नाही. वाजून वाजून बंद व्हायचा. आता त्या प्रत्येक न उचललेल्या फोनची मला चुटपुट लागते.

दिवाळीत गावी गेले तेव्हा बाप्पा म्हणाले, चल, विहिरीकडं जाऊन येऊ. छत्री काखेत होतीच. विहीर आता पडकी, भोवती बाभळी. काठावर बसले आणि मी भांडायचं ठरवून तोंड उघडायच्या आत तेच बोलायला लागले.

"त्याला म्याच सांगितल्तं. कुणीबी येऊ दे, देवाचा बाप येऊ दे, थेंब द्यायचा न्हाई. पोरानं ऐकलं माझं."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी ओरडलेच त्यांच्यावर. मग पन्नास वर्षं त्यांच्या नावावर का ठेवलंत? लोकांसमोर?

ते काठीनं माती उकरत राहिले. म्हणाले, पहिल्या आखितीला रागानं म्हणालो. वाटलं, तो उठून म्हणंन, तुम्हीच सांगितल्तं की. तो म्हणाला न्हाई. मंग दर साली म्हणत गेलो अन वाट बघत गेलो. त्यानं तोंड उघडलं असतं तर मी भावकीदेखत हो म्हणणार होतो. त्यानं बापाची अब्रू राखली. अन मला सोताच्या तोंडानं सांगायची हिंमत झाली न्हाई.

मी म्हणाले, आता सांगा, आजच घरी जाऊन सांगा. ते म्हणाले, तू सांग. माझी वळ तीच म्हण. दुसरी ठरवू नको. एवढं बोलून ते उठले आणि वाटेत एका कावळ्याला थांबून आदाब केला. हसावं की रडावं!

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाप्पा गेले. त्यांनी घरी काही सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही, कारण सांगायची जागा त्यांनीच नेमून दिली होती, आखितीला, त्यांच्या ओळीत.

पहिली आखिती आली आणि मी एकदम मोठी असामी झाले. भोकरदनहून जालना, जालन्याहून शहागड, दोन गाड्या बदलून घरात पाय ठेवते तो नानांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी बाप्पांचा फोटो टाकून फ्लेक्स छापून आणला होता, खाली आदर्श शेतकरी, थोर मार्गदर्शक वगैरे. बाप्पांची ओळ अशीच काहीतरी ठेव म्हणाले. मग खाली बघत, सरपंचाचा आवाज सोडून, हळूच, "अन ताई, ते पेढ्याचं... आता तूच हायेस." मला त्यांची दया आली. रात्री भाकऱ्या थापताना आई म्हणाली, तुझ्या दादाचं तेवढं बदल गं. गेलेला माणूस काही राग धरायचा नाही. ते जीव अडकवून बसलेत त्यात.

मी मनाशी पक्कं केलं होतं, दादांची ओळ बदलायचीच. पन्नास वर्षं झाली की! ज्याचं त्याच्या पदरात टाकायचं आणि माझ्या बापाला मोकळं करायचं.

दुसऱ्या दिवशी भावकी जमली. करा दादांनीच आणला होता, कुंभार पिंपळगावहून. बोटानं वाजवून आणला का, असं मी विचारलं तर हसले. मी डोळे मिटून सुरू केलं. केरबाचं जातं, सखूचा साप, मानकोजीचं मीठ. तुळसाच्या चिमणीपाशी बायकांनी पदर डोळ्याला लावले, दर वर्षीसारखे. धोंडिबा शिंकला. मग बाप्पांची पाळी आली. नाना फ्लेक्सची घडी नीट करत होते.

मी म्हणाले, "बाप्पा. दुष्काळात पोराला सांगितलं, विहिरीवर कुणाला पाणी देऊ नको. बोल मात्र पोराला लावला."

मी कुणाकडं बघितलं नाही, थांबलेही नाही. "बाप्पाचा दत्ता. गाडीत अन फाट्यावर जन्मभर तहानलेल्यांना पाणी पाजलं."

"थांब," दादा म्हणाले.

मी डोळे उघडले. ते माझ्याकडं बघत होते. विचारलं, हे तुला कोणी सांगितलं. मी म्हणाले, बाप्पांनीच, दिवाळीत, विहिरीवर. त्यांनी पुन्हा विचारलं, सोताच्या तोंडानं? मी हो म्हणाले. दादांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, मला तेवढंच पायजे होतं. आता माझी वळ पहिल्यासारखी म्हण.

आई मध्ये पडली. अहो, पोरीनं चांगलं म्हणलंय, राहू द्या की. दादांनी तिला हातानं थांबवलं.

"तिच्या कडेवर लेकरू होतं," ते म्हणाले. "हे बाप्पाला माहीत न्हवतं. म्या कुणालाच सांगितलं न्हाई. बाप्पानं सांगितल्तं, खरं हाय. पण लेकरू मला दिसत होतं."

नानांच्या हातातला फ्लेक्स खाली पडला होता, तो कुणी उचलला नाही. दादा माझ्याशीच बोलत होते, अगदी साध्या आवाजात.

"कोण होती, जगली का न्हाई, काई ठाव न्हाई. सगळ्या जगात तिची आपल्यापाशी तेवढी एक वळ हाय. ती काढली तर तिला पुन्यांदा माघारी लावल्यासारखं होईन."

बाप्पांचा नियम होता, ठरलेली ओळ बदलायची नाही. बदलायची नाही, तर नाही. पण वाढवायची नाही असं ते कधी म्हणाले नव्हते. मी डोळे मिटले.

"बाप्पाचा दत्ता. दुष्काळात विहिरीवरून एका बाईला, अन तिच्या कडेवरच्या लेकराला, तहानलेलं माघारी लावलं."

"आता बराबर झालं," दादा म्हणाले.

त्यांनी तांब्या उचलला आणि करा भरायला घेतला. करा काठोकाठ भरला, पाणी वरून वाहून खालच्या मातीत जाऊ लागलं, तरी ते ओतत राहिले. कुणीही त्यांना पुरे म्हणालं नाही.